व्हाइटी फोर्डचे ६९ टक्के: त्याचे किती, यांकीजचे किती?

१९५८ साली न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, व्हाइटी फोर्ड दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी २.०१ रन देत होता (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेले रन या सरासरीत धरत नाहीत). त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी यांकीजच्या लीगमध्ये, त्याच्याइतका कंजूष पिचर दुसरा नव्हता. वर्षाअखेरीचा हिशेब काय? १४ विजय, ७ पराभव. तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, हाच माणूस नऊ इनिंगमागे ३.२१ रन देऊ लागला, म्हणजे आधीच्या दीडपटीहून जास्त. त्या वर्षीचा हिशेब: २५ विजय, ४ पराभव, आणि वर सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार.

रन जास्त दिले तेव्हा विजय वाढले, कमी दिले तेव्हा रखडले. पिचरच्या नावापुढे छापली जाणारी विजयांची टक्केवारी नेमकं काय मोजते, हा प्रश्न या दोन ओळींतच उभा राहतो. आणि तो विचारायला फोर्डइतकं चांगलं प्रकरण नाही, कारण ही टक्केवारी हीच त्याच्या मोठेपणाची खूण म्हणून सांगितली जाते. कारकिर्दीत २३६ विजय, १०६ पराभव: ६९.० टक्के. १९०० नंतरच्या काळात २०० किंवा जास्त विजय मिळवलेल्या पिचरांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा आकडा सर्वांत वर होता. पेद्रो मार्टिनेझ २१९-१०० वर थांबला, म्हणजे ६८.७. लेफ्टी ग्रोव्ह ३००-१४१, म्हणजे ६८.०.

क्रिकेट बघणाऱ्या माणसाला मुळात ही कल्पनाच विचित्र वाटेल. आपल्याकडे गोलंदाजाच्या नावावर बळी पडतात, सामना संघाचा असतो. बुमराहने पाच बळी घेतले आणि भारत हरला तर ‘बुमराह हरला’ असं कोणी धावफलकात लिहीत नाही. बेसबॉलमध्ये लिहितात. प्रत्येक सामन्याचा एक विजय एका पिचरच्या खात्यात आणि एक पराभव दुसऱ्या संघाच्या एका पिचरच्या खात्यात जातोच. सुरुवातीच्या पिचरला विजय मिळायचा तर त्याने किमान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर पडताना त्याचा संघ पुढे असायला हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत मोडता कामा नये. मागून आलेल्याने आघाडी घालवली, तर सुरुवात करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, ना विजय ना पराभव. या नियमात पिचरच्या हातात अर्धा सामना आहे. उरलेला अर्धा, म्हणजे आपल्या बाजूने किती रन होतात, तो बहुतांशी इतरांच्या बॅटवर. शिवाय मागे क्षेत्ररक्षक कोण आहेत, आणि शेवटच्या दोन-तीन इनिंग सांभाळायला कोण येतो, हेही आलंच.

आता समकालीनांकडे पाहू. फोर्ड खेळला १९५० ते १९६७. मधली १९५१ आणि १९५२ ही दोन वर्षं कोरियन युद्धाच्या काळात सैन्यात गेली. या काळाशी ज्यांची कारकीर्द चांगली जुळते आणि ज्यांनी दोनशेचा टप्पा ओलांडला, असे लोक घेऊ. हुआन मारिशाल २४३-१४२, ६३.१ टक्के. बॉब लेमन २०७-१२८, ६१.८. वॉरन स्पान ३६३-२४५, ५९.७. बॉब गिब्सन २५१-१७४, ५९.१. ल्यू बर्डेट ५८.५. मग डॉन ड्रायस्डेल, बिली पियर्स, अर्ली विन, जिम बनिंग हे सगळे ५५ च्या आसपास, आणि रॉबिन रॉबर्ट्स २८६-२४५, म्हणजे ५३.९.

फोर्ड या सगळ्यांच्या वर आहे, तेही थोडाथोडका नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या मारिशालशीच जवळजवळ सहाचं अंतर आहे. मारिशाल ते बर्डेट एवढी शिडी साडेचारच्या उंचीत बसते आणि तिच्यापासून सहा वर एकटा फोर्ड. इतका एकटा आकडा दिसला की दोन शक्यता असतात: माणूस खरंच इतका वेगळा आहे, किंवा त्याच्या पायाखाली काहीतरी आहे.

पायाखाली यांकीज होते. फोर्डच्या सोळा हंगामांपैकी अकरा हंगामांत हा संघ अमेरिकन लीगचा विजेता होता. फटके मारायला मिकी मॅन्टल, योगी बेरा, नंतर रॉजर मॅरिस. १९६१ मध्ये मॅरिसचे ६१ होमरन (आपल्या षटकारासारखे, थेट सीमेपार जाणारे फटके), मॅन्टलचे ५४, आणि संघाचे मिळून २४०. कोणत्याही पिचरला वाटावं की आपण चार रन दिले तरी चालतील.

मग सरळ वजाबाकी करून पाहू. प्रत्येक वर्षी यांकीजचे एकूण विजय-पराभव घ्यायचे, त्यातून फोर्डचे काढायचे, आणि उरलेल्या पिचरांची टक्केवारी काढायची. त्या टक्केवारीने फोर्डच्या त्या वर्षीच्या निकाली सामन्यांपैकी किती जिंकले गेले असते ते मोजायचं. ही पद्धत नवी नाही, साधीच आहे, आणि कागद-पेन्सिलवर होते. मी सगळी सोळा वर्षं बसून केली. फोर्डच्या जागी त्याच्या संघसोबत्यांइतकाच, ना बरा ना वाईट, असा पिचर उभा केला तर ३४२ सामन्यांत त्याचे विजय येतात सुमारे २०१ आणि पराभव १४१. म्हणजे ५८.८ टक्के.

नुसतं यांकीजचा शर्ट घालून उभं राहण्याची किंमत ही: ५८.८. स्पान आणि गिब्सन यांच्यासारख्या, पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या मानाच्या दालनात, गेलेल्या, माणसांनी आयुष्य घालून कमावली जवळपास तेवढीच. फोर्डने त्यावर ३५ विजय जास्तीचे मिळवले, टक्केवारीत साधारण दहा. हे दहा त्याचे.

या निष्कर्षावर लगेच शंका यायला हवी. चांगल्या संघात राहून मोजलेला फरक वाईट संघातही तेवढाच राहील, हे कशावरून? सुदैवाने फोर्डच्या कारकिर्दीतच याची तपासणी करून ठेवलेली आहे. दोन वर्षं अशी गेली की फोर्ड पूर्ण हंगाम खेळला आणि यांकीज मात्र सामान्य होते. १९५९ मध्ये संघ ७९-७५ वर अडकला आणि १९६५ मध्ये, साम्राज्य कोसळायला लागलं तेव्हा, ७७-८५. फोर्ड पहिल्या वर्षी १६-१०, दुसऱ्या वर्षी वयाच्या ३६ व्या वर्षी १६-१३. दोन्ही मिळून ३२-२३, म्हणजे ५८.२ टक्के. त्याला वगळून संघ? १२४-१३७, ४७.५ टक्के.

फरक पुन्हा दहाचा. नेमका १०.७.

मला या प्रकरणातला हा सर्वांत पटणारा भाग वाटतो. फोर्डचं स्वतःचं माप चांगल्या वर्षी आणि वाईट वर्षी जवळपास सारखंच आहे. संघ वर गेला की त्याचा आकडा वर जातो, संघ खाली आला की खाली येतो, आणि मधलं अंतर हलत नाही. भरती-ओहोटीत होडी वरखाली होते, तिच्या काठाची पाण्यापासूनची उंची तीच राहते, तसं. दोन वर्षांचे ५५ सामने म्हणजे काही मोठा नमुना नव्हे, हे मान्य. पण तो आहे तो असा आहे.

दुसऱ्या बाजूने तपासायचं तर डॉन लार्सनकडे जावं लागतं. लार्सन १९५४ साली बाल्टिमोर ओरिओल्समध्ये होता. त्या संघाने १०० सामने गमावले आणि लार्सनचा हिशेब होता ३ विजय, २१ पराभव. त्या हिवाळ्यात १७ खेळाडूंची एक अवाढव्य अदलाबदल झाली आणि लार्सन यांकीजकडे आला. पुढच्या वर्षी ९-२. मग ११-५, १०-४, ९-६, ६-७. पाच वर्षांत यांकीजसाठी ४५-२४, म्हणजे ६५.२ टक्के. त्यानंतर त्याला कॅन्सस सिटीला पाठवलं आणि तिथे पहिल्याच वर्षी १-१०. उरलेली सगळी कारकीर्द, यांकीज वगळून, ३६-६७. पस्तीस टक्के!

हा तोच लार्सन, ज्याने ८ ऑक्टोबर १९५६ रोजी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, ब्रुकलिन डॉजर्सचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर ओळीने बाद केले. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा परिपूर्ण सामना टाकणारा तो एकटाच. तरीही कारकिर्दीची एकूण बेरीज ८१-९१. शर्ट बदलल्यावर एकाच माणसाच्या टक्केवारीत तिसाचा फरक पडतो, हे लार्सन दाखवतो. अर्थात सगळं श्रेय शर्टाला देणंही बरोबर नाही. यांकीजकडे तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा पिचर होता, सोयीच्या सामन्यांत वापरला जायचा, आणि बाल्टिमोरच्या त्या वर्षात नशिबानेही त्याला झोडपलं. पण फोर्डच्या ६९ शेजारी लार्सनचे ६५.२ ठेवले की चष्मा आपोआप पुसला जातो. यांकीजमध्ये दोघांत चारचं अंतर होतं. कोणी म्हणेल का, की हे दोघे जवळपास सारखे पिचर होते?

आता उलट टोक. १९५१ मध्ये, फोर्ड सैन्यात असताना, त्याच लीगमध्ये सेंट लुइस ब्राउन्स नावाचा एक दरिद्री संघ ५२ जिंकून १०२ हरला. त्यातले २० विजय एकट्या नेड गार्व्हरचे. गार्व्हर २०-१२, त्याला वगळून ब्राउन्स ३२-९०, म्हणजे २६ टक्के. त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात योगी बेरानंतर गार्व्हर दुसरा आला, म्हणजे मत देणाऱ्या पत्रकारांना तेव्हाही हे कळत होतं. पण कारकीर्द संपली तेव्हा गार्व्हरचा आकडा होता १२९-१५७. पंचेचाळीस टक्के. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस इतकी वर्षं टिकला तरी कसा.

इथे वजाबाकीच्या पद्धतीची एक खोच सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर फार विसंबणारे लोक ती विसरतात. फोर्डला वगळल्यावर जे यांकीज उरतात, त्यांत फक्त मॅन्टल आणि बेराच्या बॅट उरत नाहीत. ॲली रेनॉल्ड्स, एडी लोपॅट, बॉब टर्ली यांचे हातही उरतात. हे सगळे चांगले पिचर. म्हणजे आपण फोर्डला सामान्य पिचरांशी नाही, चांगल्या पिचरांशी तोलतो आहोत, आणि त्याचे दहा थोडे कमीच भरतात. गार्व्हरच्या बाबतीत उलट. ब्राउन्सचे बाकीचे पिचर इतके सुमार होते की त्यांच्या शेजारी कोणीही उंच दिसावा. म्हणून गार्व्हरचा ३६ चा फरक आणि फोर्डचा १० चा फरक सरळ एकमेकांशेजारी ठेवू नयेत.

दुसरी खोच उंचीची. सव्वीसवरून वर चढायला आभाळ मोकळं असतं. अठ्ठावन्नवरून चढताना डोकं लवकर छताला लागतं. ही अडचण टाळायची तर टक्के सोडून, एका पराभवामागे किती विजय, असं मोजावं. फोर्डचे एका पराभवामागे २.२३ विजय, त्याच्या संघसोबत्यांचे १.४३. भागाकार १.५६. म्हणजे जो संघ एक हरतो आणि एक जिंकतो, अगदी मधला, तिथे फोर्डने एका पराभवामागे दीडहून थोडे जास्त सामने जिंकले असते. टक्केवारी ६१. त्याच ३४२ सामन्यांत २०९ विजय, १३३ पराभव.

मधल्या संघातल्या काल्पनिक फोर्डचा हा आकडा बॉब लेमनच्या खऱ्या आकड्याला (२०७-१२८) जवळजवळ खेटून बसतो. गंमत म्हणून नोंदवतो. लेमन स्वतः क्लीव्हलँडच्या दणकट संघात होता, त्यामुळे त्याचंही असंच सोलून पाहिलं तर तो अजून खाली येईल. आणि हीच गणितं वॉल्टर जॉन्सनला लावली, जो १९०७ ते १९२७ एकाच वॉशिंग्टनच्या संघात राबला, तर? जॉन्सन ४१७-२७९, टक्केवारी ५९.९. तो नसताना वॉशिंग्टन सुमारे ४६ टक्क्यांचा संघ. भागाकार १.७४, मधल्या संघात साधारण ६३.५ टक्के. कागदावर फोर्डपेक्षा नऊने खाली असलेला माणूस समान जमिनीवर उभा केला की वर निघतो. जॉन्सन आणि फोर्ड यांच्यात एका पिढीहून जास्त अंतर आहे, चेंडूही वेगळा होता, म्हणून हा निवाडा नव्हे. पण टक्केवारीच्या यादीवरून क्रमवारी ठरवणाऱ्याने एवढं तरी पाहावं.

इथवर वाचून असं वाटेल की यांकीजने फोर्डला दिलंच दिलं. तसं नाही, आणि या प्रकरणातला मला आवडणारा पेच इथेच आहे. ज्या संघाने त्याची टक्केवारी फुगवली, त्याच संघाने त्याचे विजय अडवून धरले.

केसी स्टेंगल हा यांकीजचा मॅनेजर १९४९ ते १९६०. विक्षिप्त, बडबड्या आणि डोक्याने तल्लख. त्याच्याकडे पिचरांची पाळी ठरलेली नसायची. फोर्डला तो राखून ठेवायचा. क्लीव्हलँड किंवा शिकागोशी सामना आहे, मग फोर्ड. तळाच्या संघाशी आहे, मग दुसरा कोणी. विवाहाच्या पंगतीत घरचे साजूक तूप खास पाहुण्यांसाठी बाजूला काढावं, तसं. त्यामुळे स्टेंगलच्या हाताखाली फोर्डने एका हंगामात सर्वाधिक ३३ सामने सुरू केले, १९५५ मध्ये, आणि १९६० मध्ये फक्त २९. त्या काळात २० विजय हा मोठ्या पिचरचा शिक्का होता आणि स्टेंगलच्या राज्यात तो फोर्डवर एकदाही बसला नाही. १९५६ मध्ये १९-६ वर येऊन थांबला.

स्टेंगलखाली नऊ हंगामांत फोर्ड १३३-५९, म्हणजे ६९.३ टक्के. अवघड प्रतिस्पर्ध्यांपुढे उभं राहून ६९.३! म्हणजे मघाशी आपण जो दहाचा फरक काढला, तो याही कारणाने थोडा कमीच आहे, कारण त्याचे संघसोबती त्याच्या वाटचे सोपे सामने खात होते.

या राखून ठेवण्याचा कडेलोट १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये झाला. पिट्सबर्गविरुद्ध पहिला सामना स्टेंगलने फोर्डला न देता आर्ट डिटमारला दिला. डिटमार पहिली इनिंगही पुरी करू शकला नाही. फोर्डला मिळाले तिसरा आणि सहावा सामना. तिसरा यांकीजने १०-० ने जिंकला, सहावा १२-० ने. दोन्हींत फोर्डने पूर्ण नऊ इनिंग टाकून एकही रन दिला नाही. सातव्या सामन्यासाठी मात्र तो शिल्लक नव्हता. पहिला सामना त्याने टाकला असता तर चौथा आणि सातवा त्याच्या वाट्याला आले असते. सातवा सामना बिल मॅझरॉस्कीच्या शेवटच्या होमरनने १०-९ असा पिट्सबर्गने जिंकला. सात सामन्यांत यांकीजचे ५५ रन, पिट्सबर्गचे २७, आणि अजिंक्यपद पिट्सबर्गचं. काही दिवसांतच स्टेंगलची नोकरी गेली.

नवा मॅनेजर राल्फ हाऊक आणि पिचिंग प्रशिक्षक जॉनी सेन यांनी सरळ ठरवलं: फोर्ड दर चौथ्या दिवशी टाकेल, समोर कोणीही असो. १९६१ मध्ये त्याने ३९ सामने सुरू केले, २८३ इनिंग टाकल्या. निकाल आपण सुरुवातीला पाहिलाच, २५-४. पुढे १७-८, आणि १९६३ मध्ये २४-७. हाऊकची तीन वर्षं मिळून ६६-१९, म्हणजे ७७.६ टक्के.

मग १९६१ मध्ये रन जास्त देऊनही विजय कसे वाढले? दोन संघ वाढून लीग आठाची दहा झाली होती, त्यामुळे त्या वर्षी सगळीकडेच रन वाढले होते. कमकुवत संघांशीही आता फोर्डच खेळत होता. स्वतःच्या बाजूला मॅरिस-मॅन्टल. आणि शेवटच्या इनिंगना लुइस अरोयो नावाचा, स्क्रूबॉल हा उलटा वळणारा चेंडू टाकणारा डावखुरा गडी, ज्याने त्या वर्षी स्वतः १५ सामने जिंकले आणि २९ सामन्यांत आघाडी राखून दिली. फोर्ड सात-आठ इनिंग ओढायचा, अरोयो दार लावून घ्यायचा. १९५८ मध्ये यातलं फारसं काही नव्हतं. मला विचाराल तर फोर्डचं सर्वोत्तम वर्ष १९५८. पुरस्कार मिळाला तो १९६१ ला.

फोर्डच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, ती पटकन सांगून पुढे जातो. जुन्या यांकी स्टेडियमचा डावा-मधला कोपरा ४५७ फुटांवर होता. डावखुऱ्या पिचरसमोर प्रतिस्पर्धी उजव्या हाताचे बॅटर उतरवतात, आणि त्यांचे उंच फटके नेमके त्या खोल दरीत जाऊन झेलले जायचे. पाच फूट दहा इंचांचा फोर्ड काही वेगाने टाकणारा पिचर नव्हता. कर्व्ह म्हणजे वळणारा चेंडू, वेग बदलणं, कोपरे शोधणं आणि जमिनीवरून फटका मारायला लावणं, हा त्याचा धंदा. मागे बॉबी रिचर्डसन, टोनी कुबेक, क्लीट बॉयर यांच्यासारखे क्षेत्ररक्षक असताना हा धंदा बरकतीचा होता.

संघाचं कवच काढून फोर्ड कसा दिसतो, याचा आणखी एक पुरावा वर्ल्ड सिरीजमध्येच आहे. तिथे समोर दुसऱ्या लीगचा सर्वांत बलवान संघ आणि त्याचा सर्वांत चांगला पिचर असायचा. यांकीजची बॅटही मग रोजच्यासारखी चालायची नाही. फोर्डने वर्ल्ड सिरीजचे २२ सामने सुरू केले. १० जिंकले, ८ हरले. दोन्ही विक्रम, सर्वाधिक विजय आणि सर्वाधिक पराभवही. टक्केवारी ५५.६, म्हणजे बिली पियर्सची किंवा ड्रायस्डेलची. आणि नऊ इनिंगमागे रन? २.७१. कारकिर्दीची सरासरी २.७५. माणूस तोच, माप तेच, फक्त समोरचा बदलला आणि ६९ चे ५५ झाले.

त्या आठ पराभवांतला एक सांगण्यासारखा आहे. १९६३, चौथा सामना, लॉस एंजेलिस. समोर सँडी कोफॅक्स. फोर्डने सात इनिंगमध्ये फक्त दोन हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारे फटके, दिले, दोन्ही फ्रँक हॉवर्डला. त्यातला एक होमरन. मॅन्टलने होमरन मारून १-१ केलं. सातव्या इनिंगमध्ये जिम गिलियमचा साधा फटका तिसऱ्या बेसवरच्या बॉयरकडे गेला, त्याने पहिल्या बेसवर नीट फेकला, आणि जो पेपिटोनला तो प्रेक्षकांच्या पांढऱ्या शर्टांच्या पार्श्वभूमीवर दिसलाच नाही. गिलियम थेट तिसऱ्या बेसवर. पुढच्या उंच फटक्यावर, बॅटर झेलबाद होऊनही, गिलियम पळत घरी पोचला, म्हणजे रन झाला. २-१. खात्यात लिहिलं गेलं: पराभव, फोर्ड.

१९२० नंतर ३००० हून जास्त इनिंग टाकलेल्या पिचरांमध्ये फोर्डची २.७५ ही सरासरी आजही सर्वांत कमी आहे, आणि कोणत्याही एका हंगामात ती ३.२४ च्या वर गेली नाही. त्याला मोठा म्हणायचं तर मी या दोन गोष्टींवरून म्हणेन. ६९ टक्के हे त्याच्या शेजाऱ्यांबद्दल जास्त सांगतात.

आता ती टक्केवारीही अव्वल राहिलेली नाही. डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ २०२५ चा हंगाम ११-२ असा संपवून निवृत्त झाला, २२३-९६ वर. ६९.९ टक्के. तोही डावखुरा, तोही एकाच श्रीमंत आणि सतत जिंकणाऱ्या संघात सारी कारकीर्द. फरक एवढाच, की फोर्डने १५६ सामने एकट्याने शेवटपर्यंत टाकले, कर्शॉने २५. कर्शॉच्या काळात सुरुवातीचा पिचर सहाव्या-सातव्या इनिंगला उतरतो आणि निकाल मागच्या चार जणांच्या हातात असतो. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉम १०-९ अशा हिशेबावर साय यंग जिंकला, कारण त्याची सरासरी १.७० होती आणि मत देणाऱ्यांनी विजयांकडे पाहणंच सोडलं होतं. फोर्डच्या काळात १०-९ वाल्याला कोणी दारात उभं केलं नसतं.

कर्शॉने फोर्डला गाठलं ते मात्र थोडक्यात, आणि त्यामागे फोर्डची शेवटची दोन वर्षं आहेत. १९६५ संपलं तेव्हा फोर्ड २३२-९७ होता. ७०.५ टक्के. तेव्हाच थांबला असता तर आजही पहिला असता. पण तो थांबला नाही. १९६६ मध्ये यांकीज दहा संघांत दहावे आले, १९६७ मध्ये नववे. हात दुखत होता, थोड्याच इनिंग टाकता आल्या. १९६६ मध्ये नऊ इनिंगमागे २.४७ रन देऊन तो २-५. १९६७ च्या मे महिन्यात डेट्रॉइटला एक इनिंग टाकून कोपर धरून बाहेर पडला, तो शेवटचा. त्या शेवटच्या हंगामात त्याने ४४ इनिंग टाकल्या, सरासरी १.६४, कारकिर्दीतली सर्वांत कमी. विजय २, पराभव ४.